खळ आणि तेल

होळी उलटली की मी पंधरा-वीस दिवस बुधवारी बाजारात पाऊल टाकत नाही. भाजी दोन पैसे महाग मिळाली तरी चालेल, दारावर येईल ती घेते. शेजारणी हसतात. "आजी, तिथं काय भूत बसलंय का?" म्हणतात. भूत कसलं बसतंय! खेड्यांवरून आलेल्या बायका बसतात, समोर पोत्यावर मोहफुलांचा ढीग घेऊन. फिकट पिवळी, गरदार, पाणी भरल्यासारखी फुलं. दुपारच्या उन्हात तो ढीग आंबायला लागतो आणि एक गोड, डोक्यात चढणारा वास सुटतो. त्या वासानं माझे पाय जागच्या जागी थिजतात. वयाची ऐंशी ओलांडली, तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, बेडूक फाडले, झुरळं फाडली, कशाची म्हणून किळस आली नाही. आणि एका फुलाच्या वासाला मी घाबरते. सांगायला लाज वाटते, पण आहे हे असं आहे.

तसं मोहाचं झाड माझ्या मोठ्या कामाचं. फुलात साखर ठेवतं आणि बीत तेल. एकाच झाडाची दोन कोठारं. साखर उघड्यावर टाकायची, अस्वलांनी खावी, माणसांनी वेचावी, दोन दिवसांत नासून जावी. तेल मात्र टणक बीच्या आत, पुढच्या रोपासाठी राखलेलं. वर्गात हे उदाहरण मी दरवर्षी द्यायचे. दोन कोठारं कशाला, असं एखादी चुणचुणीत पोरगी विचारायचीच. मग मी खडू उचलायचे. बाई गं, पिष्टाचा आणि साखरेचा साठा ओला असतो. आपल्या यकृतात जी साखर बांधून ठेवलेली असते, तिच्यासोबत तिच्या तिपटीनं पाणी वाहावं लागतं. म्हणून ती थोडकीच ठेवायची, जेमतेम एका दिवसाची. चरबी कोरडी, घट्ट. तेवढ्याच वजनात दुपटीहून जास्त ऊर्जा. जागेवर बसून राहायचंय त्या बटाट्यानं पिष्ट साठवलं तर चालतं. ज्याला चालायचंय, उडायचंय, उपासात दिवस काढायचेत, त्यानं चरबी बाळगावी. एवढं लिहिलंत की झालं, पुढे चला, असं म्हणून मी फळा पुसून टाकायचे.

हा धडा मला कसा पाठ झाला ते मात्र मी वर्गात कधी बोलले नाही. तो मला पुस्तकानं शिकवला नाही, माझ्या धाकट्या बहिणीनं शिकवला.

तेव्हा नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आम्ही कोष्टी. तांडापेठेकडच्या एका गल्लीत आमचं मातीचं घर, घरात दोन हातमाग. बाबा लुगडी विणायचे, माय सूत भरायची. मी इंटर सायन्सला होते आणि सगळ्या गल्लीत कॉलेजात जाणारी मी एकटीच, त्यामुळे माझी मिजास विचारू नका. परीक्षा तोंडावर आली की माय मला सुताची साधी कांडीसुद्धा भरू द्यायची नाही. "इंदू, तू वाच," म्हणायची. सगळी कामं मग सुशीच्या गळ्यात. सुशी चौदा वर्षांची. कामाला वाघीण, तोंडाला लगाम नाही.

आमच्या गल्लीत सकाळी पांजणी चालायची. पांजणी म्हणजे मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ पाजणं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी कुंचे मारत जायचं. खळ तांदळाची. मोठ्या गुंडात तांदूळ गळेस्तोवर शिजवायचा, घोटायचा, गाळायचा आणि शेवटी जवसाच्या तेलाचे चार थेंब टाकायचे. खळीनं धाग्याला ताकद येते, तेलानं तो लवतो. नुसती खळ दिली तर तार कडकड मोडते, नुसतं तेल दिलं तर लुळी पडते. बाबांना अक्षर येत नव्हतं, पण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि आमच्याकडची एक रीत अशी की तेल टाकायच्या आधी गुंडातून एक वाडगा काढायचा, त्यात मीठ नाहीतर गुळाचा खडा घालायचा आणि घरातल्या पोरांना द्यायचा. इतर जातींची पोरं आम्हाला त्यावरून चिडवायची. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. सुशी तर वाडगा चाटूनपुसून लख्ख करायची.

त्या वर्षी संक्रांतीनंतर सुशी उतरायला लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. अंगात येतील न येतील अशी पोलकी तिला सैल व्हायला लागली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. आणि खाणं? बाप्पा! चार भाकरी खाऊन पाचवीकडे बघायची. फागुनात तर ती रांजणाजवळ उभी राहून पेल्यावर पेले पाणी प्यायची. मी पलीकडे वाचत बसलेली असायचे, डोकं पुस्तकात, आणि कानात तिचं ते घटघट. एकदा मी चिडून म्हटलं, "बस कर न वं, काय लावलं?"

ती पेला खाली ठेवून माझ्याकडे वळली. डोळे मोठे झालेले, गालांची हाडं वर आलेली. "ताई," ती म्हणाली, "मी एवढं खाऊन राहिली, एवढं पिऊन राहिली, मंग जाते कुठं वं ते?"

ती थट्टेनं नव्हती विचारत. मी खांदे उडवले आणि पान उलटलं.

बाबांनी त्याचं निदान केलं. दुसरं काय करणार होते ते? जन्मभर धागे पाहिलेला माणूस. "तार झिजली की तुटते," ते मायला म्हणाले, "पोरीच्या अंगात खळच नाही राहिली. तिले खळ दे." झालं. त्या दिवसापासून सुशीला सकाळी एक, दुपारी एक, दिवेलागणीला एक असा पेजेचा भरलेला वाडगा. तांदूळ चांगला घोटलेला आणि गूळ सढळ हातानं. घरात गुळाची चैन नव्हती, तरी माय कुठून कुठून आणायची. पेज पाजताना ती तिच्या पाठीवरून हात फिरवायची. सुशी हसायची. "आता वरून तेल चोपडा मले, अन् चढवा मागावर!" आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा हसले आहे, हे मला आठवतं आणि चटका बसतो.

पेज वाढली आणि सुशी आणखी आटली. मग मुंग्या आल्या. अंगणातल्या मोरीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या भेगेतून काळी रांग निघायची आणि ठरावीक जागी जाऊन दाटायची. मायनं उकळतं पाणी ओतलं, हळद टाकली. दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा हजर. माय म्हणाली, गुळाचा वाडगा विसळताना सांडत असेल. पण वाडगे आम्ही मोरीत विसळत नव्हतो, चुलीपाशी विसळायचो. आणि रांग यायची ती सुशी मोरीतून उठून गेली की. मी एकदा दारातून पाहत उभी राहिले. भर दुपार, गल्लीत कुत्रं नाही, सगळे माग गप्प. सुशी परकर सावरत बाहेर आली, आणि तिच्या मागे भिंतीतून मुंग्या निघाल्या, कुणी हाक मारावी तशा. तिनं वळून पाहिलं नाही. मी आत जाऊन पुस्तक उघडलं.

मुंग्यांच्या मागोमाग वास आला. माजघरात शिरलं की पिकून गेलेल्या फळांचा, मोहासारखा वास यायचा. मायनं शिंकाळी पाहिली, मडकी हुंगली, मागाखालचा खड्डा झाडला. घरात एक फळ नाही. वास सुशीच्या तोंडाचा होता. ती बोलायला लागली की यायचा, ती झोपली की तिच्या उशापाशी साचून राहायचा. समोरच्या गोदाबाई एक दिवस दारातूनच नाक वाकडं करून म्हणाल्या, "काय वं, पोरीले मोहाची पाजून राहिली का?" माय संतापली. मग गोदाबाई आत आल्या, सुशीकडे बघत बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिले आसरा लागल्या, मी सांगते. मानसाचं पोट एवढं पानी पेते का? पानी त्या पेतात. अन् वास कायचा? फुलं माळून येतात त्या." आसरा म्हणजे विहिरी-तलावातल्या सात बायका, तरण्या पोरींना ओढून नेणाऱ्या.

"आसरा नाही अन् फासरा नाही," माय म्हणाली, "पोर अशक्त झाली, बस." पण त्या संध्याकाळी तिनं हळद-कुंकू आणि दहीभात तलावावर नेऊन ठेवला. तेही मी पाहिलं. मला हसू आलं. विज्ञान शिकत होते ना मी!

आता शनिवार.

सोमवारी माझं जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. शनिवारी रसायनाच्या प्रयोगशाळेत शेवटची उजळणी चालली होती. रॅकवरची एक बाटली मी काढली, बूच उघडलं आणि हातातून पडता पडता वाचली. बाटलीत सुशी होती. तोच वास, थेट, काडीचाही फरक नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं ॲसिटोन. मी बूच लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा हुंगलं. आमच्या पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता, परीक्षेला येत नाही म्हणून मी सोडून दिलेला. घरी येऊन तो वाचला. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळू लागतं. पण चरबी नीट जळायला थोडी साखर सोबत जळावी लागते. ती नसली की चरबी अर्धवट जळते, ओल्या लाकडाचा धूर व्हावा तशी, आणि त्या अर्धवट जळण्याचा वास श्वासात येतो. साखर तोवर रक्तातून वाहत मूत्रात निघून जाते, सोबत पाणी ओढून नेते.

मी वाचलं आणि मला कळलं. कळलं नाही असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, पण ते खोटं आहे. पलीकडे सुशी झोपली होती, तिचा तो वास माझ्या पानावर येत होता, आणि मी मनात म्हटलं, उगाच घरात कालवा होईल. इस्पितळ, धावाधाव, सोमवारी प्रॅक्टिकल. आपण काय डॉक्टर आहोत? आधी तपासून बघू. सोमवारी तपासू. असं म्हणून मी रविवारचा आख्खा दिवस अळ्यांच्या आणि मुळांच्या आकृत्या काढत बसले. सुशीनं रविवारी तीन वाडगे पेज प्यायली. त्यातला दुपारचा मी दिला.

सोमवारी सकाळी मी सुशीला शाईची रिकामी दौत दिली आणि काय हवंय ते सांगितलं. "तुह्या परीक्षेत हे विचारतात?" म्हणून ती हसली. हसताना तिला धाप लागली. दौत पदराखाली लपवून मी परीक्षेला गेले. माझं काम झालं, सर वह्या गोळा करू लागले, तेव्हा मी साखर तपासायचं उरलेलं निळं रसायन परीक्षानळीत घेतलं, दौतीतले थेंब टाकले आणि नळी बर्नरवर धरली. थोडी साखर असली तर रंग हिरवट होतो, जास्त असली तर पिवळा. नळीतला निळा रंग हिरव्याला, पिवळ्याला थांबलाच नाही. विटेसारखा लाल झाला आणि तळाशी बसला. शेजारच्या मुलानं विचारलं, कसला नमुना घेतलास गं? मी नळी धुऊन ठेवली आणि घराकडे निघाले.

घरी पोहोचले तेव्हा एक वाजला असेल. सुशी चटईवर पडलेली. श्वास खोल, भरभर, कुणीतरी लांबून धावत आल्यासारखा. आणि ती तर सकाळपासून हलली नव्हती. माय वाडगा घेऊन तिच्या उशाशी बसली होती. मला बघून सुशी म्हणाली, "ताई, भूक लागली वं. पेज दे न."

मी मायच्या हातातून वाडगा काढून घेतला.

"काय करून राहिली तू?" माय ओरडली. "पोर मागून राहिली न!"

"आता नको माय. डॉक्टर म्हणतील तवा देऊ."

"मी म्हणते दे! दोन घोट तरी घेऊ दे तिले!"

मी वाडगा उंच फळीवर ठेवला आणि टांगा आणायला धावले. परत आले तेव्हा सुशी फळीकडे बघत होती. त्यानंतर ती काही बोलली नाही.

इस्पितळात डॉक्टर दारातच थबकले. त्यांनी नाकानं श्वास घेतला, मगच ते खाटेजवळ आले. इन्सुलिनच्या सुया दिल्या, शिरेतून पाणी दिलं, ते स्वतः रात्र तिथं थांबले. मंगळवारी दुपारी सुशीचा तो धावणारा श्वास हळू झाला. आम्हाला वाटलं बरं वाटतंय. मग तो थांबला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, कॉलेजातली म्हणून. रागावले नाहीत, थकलेले होते. "दोन दिवस आधी आणली असती," एवढंच म्हणाले आणि गेले. ते वाक्य बाबांनी ऐकलं नाही, मायनंही नाही. मी ते गिळलं.

तेराव्याच्या आत माझा लेखी पेपर होता. मला जायचं नव्हतं. बाबांनी हाताला धरून नेलं. प्रश्नपत्रिकेत होतं: सजीवांतील ऊर्जेचे साठे, पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ, तुलना करा. मी पानाच्या मधोमध रेघ ओढली आणि दोन्ही बाजू भरल्या. उत्तम मार्क पडले. त्या मार्कांवर पुढचं शिक्षण झालं, नोकरी लागली, घर झालं. रागाच्या भरात कधी कधी वाटतं, ती सगळी वर्षं मी सुशीच्या अंगावरचं मांस खाऊनच काढली.

मोरीतल्या मुंग्या आणखी चार-पाच दिवस येत राहिल्या. रांग यायची, त्या जागी घोटाळायची, परत जायची. मग यायच्या थांबल्या. मला त्यांच्या येण्यापेक्षा ते थांबणं भयंकर वाटलं.

नंतर पुष्कळ वाचलं. जवसाच्या बीचं आपल्याला नवल वाटावं: मातीत पडली, ओल मिळाली की ती आपल्या पोटातल्या तेलाची साखर करते आणि कोंब वर काढते. माणसाला ते येत नाही. आपली साखर चरबीत जाते, पण चरबीची साखर पुन्हा होत नाही म्हटलं तरी चालेल. जाणारी वाट आहे, येणारी नाही. सुशीच्या रक्तात साखर तुडुंब होती आणि अंग उपाशी मरत होतं. भरल्या कोठाराच्या दाराशी बसून घरातला लाकूडफाटा जाळावा, तसं ते तिचं मांस आणि चरबी जाळत होतं. त्यात आम्ही वरून पेज ओतत होतो, दिवसाला तीन वाडगे, गूळ घालून. पेजेनं तिला मारलं नाही. पेज नसती तरी रोग होताच, आणि सुईवाचून तो आवरणारा नव्हता. पण प्रत्येक वाडग्यानं तिची तहान वाढवली, तिला आतून आणखी धुऊन काढलं, हेही खोटं नाही. हे मी मायला कधी सांगितलं नाही. बाबांनाही नाही, ते माग मोडेपर्यंत विणत राहिले आणि गेले.

माय खूप जगली. शेवटची दोन वर्षं माझ्याकडेच होती. अंग इतकं वाळलेलं की मी तिला एका हातानं कुशीवर वळवायचे. डोकं मात्र टकाटक. एका दुपारी मी तिला चमच्यानं वरण भरवत होते. तिनं तोंड मिटून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"इंदू, एक विचारू?"

"विचार न."

"त्या दिवशी सुशीले भूक होती न?"

चाळीस वर्षांत तिनं हे नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. "होती माय."

"मंग तू काहून देऊ देली नाही? माही पोर उपाशी गेली वं. फळीकडे पाहत गेली." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मी रोज येच्यावर विचार करते. तू शिकलेली. काहीतरी कारण असंल. सांग मले."

कारण होतं. तीस वर्षं मी ते फळ्यावर लिहून दाखवलं होतं. आणि माय हुशार बाई. तिला दोन वाक्यांत समजलं असतं. तेच तर भय. समजलं असतं की मग तिनं मोजायला घेतलं असतं: फागुनापासून चैत्रापर्यंत, रोजचे तीन वाडगे, गूळ कुठून कुठून आणलेला, पाठीवरून फिरवलेला हात. मरायला टेकलेल्या बाईच्या पदरात मी हे घालू?

"काहीच कारण नोतं माय," मी म्हटलं. "घाबरली मी. मले समजलं नाही. चुकली मी."

मग तिनं तिचा तो काडीसारखा हात उचलला आणि माझ्या पांढऱ्या डोक्यावर ठेवला.

"जाऊ दे वं," ती म्हणाली. "लहान होती तू."

मी लहान पोरीसारखी रडले. आणि रडता रडता मला वाटलं, आता सांगून टाकावं. चुकली तर मी आहेच, माय, पण वाडगा काढून घेण्यात नाही. मला शनिवारीच कळलं होतं. मी तिथंच बसून आकृत्या काढत होते, आणि रविवारचा एक वाडगा माझ्याच हातचा होता. मी डोळे पुसले, तोंड उघडलं, "माय" म्हटलं. तिचा हात माझ्या डोक्यावरून घसरून गादीवर पडला होता आणि तिला झोप लागली होती. चेहरा इतका निवांत की उठवायची माझी छाती झाली नाही.

त्या आठवड्यात ती गेली. पेजेची माफी मला मिळाली. शनिवार-रविवारची मागायची राहून गेली.